विश्लेषण : बीए करताना कॉमर्सचा तास घ्यावा का? 'ओई'च्या रकान्यात वाणगावच्या विद्यार्थ्याने काय निवडावे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याला आता दुसऱ्या शाखेचे काही विषय घ्यावेच लागतात. हा नियम सोपी मार्क मिळवण्यासाठी आहे, की त्यातून खरेच काही शिकता येते? डहाणू-पालघर पट्ट्यातल्या मुलांच्या नजरेतून घेतलेला हा आढावा.

बारावीचा निकाल लागला की वाणगाव, बोईसर, डहाणूकडच्या मुलांची कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. अर्ज बहुतेक मोबाइलवरच भरला जातो. मेजर कोणते, हे घरूनच ठरलेले असते. इतिहास, मराठी, भूगोल किंवा अर्थशास्त्र. मग खाली 'ओई' नावाचा रकाना येतो आणि बोट तिथेच थांबते. मित्राने जे निवडले तेच आपणही निवडायचे, किंवा 'यात मार्क सुटतात' असे कुणीतरी सांगितले म्हणून टिक करायची, असाच बहुतेकांचा अनुभव.

आमचे म्हणणे असे आहे, की या रकान्यात कला शाखेच्या मुलांनी व्यवसायाशी संबंधित एखादा विषय जरूर घ्यावा. तो मॅनेजर होण्यासाठी नको. दुसऱ्याने लिहिलेला हिशेब आपल्याला वाचता यावा, यासाठी घ्यावा. असे का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

नियम नेमका काय सांगतो?

नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केले. महाराष्ट्र सरकारने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीची क्रेडिट रचना ठरवली. स्वायत्त कॉलेजांत ती २०२३-२४ पासून, तर विद्यापीठांशी संलग्न इतर कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, म्हणून वाणगावच्या मुलांनाही हीच रचना लागू आहे.

यातले तीन शब्द समजले की बाकी सोपे आहे.

- मेजर : तुमचा मुख्य विषय. पदवी याच विषयात मिळते.
- मायनर : जोडीचा दुसरा विषय, साधारण १८ ते २० क्रेडिटचा. तो तुमच्या शाखेतला असू शकतो किंवा पूर्णपणे दुसऱ्या शाखेतलाही.
- ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह : १० ते १२ क्रेडिटचे छोटे छोटे विषय. हे मेजरच्या शाखेबाहेरचेच घ्यावे लागतात. बीएच्या मुलाला इथे कला शाखेचा विषय चालत नाही.

नियम दोन्ही बाजूंनी आहे. बीएच्या मुलाला कॉमर्स किंवा सायन्सकडे जावे लागते, तसेच बीकॉमच्या मुलालाही स्वतःच्या शाखेबाहेर पडावे लागते.

यातून किती शिकायला मिळते?

थिअरीच्या एका क्रेडिटला साधारण १५ तास धरले जातात. दोन क्रेडिटचा एक ओई म्हणजे ३० तास. सगळे १२ क्रेडिट वाणिज्य-व्यवस्थापनाचे घेतले तर १८० तास होतात. सत्राला २२ क्रेडिट धरले तर तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची. त्यात हे १२ क्रेडिट म्हणजे जेमतेम नऊ टक्के.

मायनरही वाणिज्य शाखेतला घेतला तर आकडा बदलतो. २० आणि १२ मिळून ३२ क्रेडिट, म्हणजे पदवीचा जवळपास चौथा हिस्सा. मेजर इतिहास आणि पदवीचा चौथा हिस्सा व्यवसाय-शिक्षणाचा, अशी बीए जुन्या पद्धतीत सहसा शक्य नव्हती. नियमाने आता ती शक्य आहे.

मग थेट बीएमएसच का करू नये?

ज्याला पूर्ण वेळ व्यवस्थापनच शिकायचे आहे, त्याने जरूर करावे. पण २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. मुंबई विद्यापीठाच्या अनेक कॉलेजांत बीएमएसचे नाव बदलून 'बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)' झाले. असे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात, त्यामुळे फी अनुदानित बीएपेक्षा बरीच जास्त असते. ज्या घराला ती झेपत नाही किंवा ज्या मुलाला इतिहास-भूगोलच आवडतो, त्याच्यासाठी ओई आणि मायनर हा स्वस्तातला आणि अंगणातला मार्ग आहे.

एक गैरसमज इथेच दूर करू. पुढे एमबीए करण्यासाठी कॉमर्सची पदवी लागत नाही. राज्यात कोणत्याही शाखेची पदवी, खुल्या गटात किमान ५० टक्के आणि राखीव गटात ४५ टक्के गुण, आणि सीईटी, एवढे पुरते. त्यामुळे 'पुढे एमबीए करायचे आहे' हे ओई निवडण्याचे कारण असू शकत नाही. कारण वेगळे आहे.

तीस तासांत हाती काय लागते?

वाणगाव परिसर मिरचीसाठी ओळखला जातो. म्हणून उदाहरण मिरचीचेच घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

समजा, एका तोड्याला २०० किलो मिरची निघाली आणि ३० रुपये किलोने गेली. ६,००० रुपये झाले. बाजारातून पट्टी येते त्यात गाडीभाडे ९००, हमाली-तोलाई ३००, पोती ३०० वजा होतात. हातात ४,५०० पडतात. घरात आनंद असतो. पण तोडणीची मजुरी २,००० गेली आहे आणि या तोड्याच्या वाट्याला खत-औषधाचे १,५०० येतात. राहिले १,०००. घरातली आई आणि भाऊ चार दिवस राबले, त्यांची मजुरी कुणी मोजलेलीच नाही.

आता तीन प्रश्न विचारा.

पहिला : किती भाव मिळाला तर तोटा होणार नाही? एकूण खर्च ५,००० भागिले २०० किलो, म्हणजे २५ रुपये. याला ना-नफा-ना-तोटा बिंदू म्हणतात.

दुसरा : भाव २० वर आला तर मिरची तोडायची की सोडायची? बहुतेक जण म्हणतील, २५ च्या खाली तोटा आहे, सोडा. पण खत-औषधाचे १,५०० आधीच गेले आहेत. तोडले काय किंवा न तोडले काय, ते परत येणार नाहीत. आता नव्याने होणारा खर्च फक्त ३,५०० आहे, म्हणजे किलोला साडेसतरा रुपये. २० चा भाव असेल तर तोडणेच बरे, निदान ५०० रुपये तरी हाती राहतात. भाव १५ वर गेला तर मात्र फक्त मिरचीच्या पैशांसाठी तोडणे परवडत नाही.

तिसरा : घरच्यांची मजुरी धरली तर हा धंदा नफ्यात आहे का?

हे तीन प्रश्न म्हणजे कॉस्टिंगच्या पहिल्या काही तासांचा अभ्यास आहे. यासाठी सीए व्हावे लागत नाही. पण हे कुणी एकदा नीट शिकवले नाही तर वर्षानुवर्षे पट्टीवरच्या आकड्यालाच माणूस नफा समजत राहतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे. मी इंजिनीअर. चार वर्षांत व्यवस्थापनाचा एक पेपर होता. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून पास झाले आणि विसरले. पुढे बातमीदारीत आले. एकदा एका कंपनीचा तिमाही निकाल माझ्याकडे आला, तेव्हा महसूल आणि नफा यांत माझीच गल्लत झाली आणि हेडिंग चुकले. संपादकांनी वेळेत पकडले म्हणून वाचले. पेपर पास होणे आणि ताळेबंद वाचता येणे यांत किती फरक आहे, हे त्या दिवशी कळले.

डहाणू तालुक्यात हिशेबाचे महत्त्व जास्त का?

कारण इथल्या इतिहासात हिशेब नेहमी दुसऱ्याच्या वहीत लिहिला गेला आहे. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे, अशा वेठबिगारांना या भागात 'लग्नगडी' म्हणत. कर्ज किती, फिटले किती, उरले किती, हे सांगणारी वही सावकाराकडेच असे. १९४५ मध्ये डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातल्या वारली आदिवासींनी किसान सभेच्या झेंड्याखाली या पद्धतीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर यांनी तो 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बीएच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वर्गात शिकायला मिळू शकते. पण त्याच विद्यार्थ्याला चक्रवाढ व्याज, मुद्दल, नावे आणि जमा यांचा अर्थ माहीत असेल तर लग्नगडी आयुष्यभर का अडकून पडायचा, हे त्याला आकड्यांतूनही दिसेल.

आणि हा प्रश्न फक्त जुन्या काळाचा नाही. डहाणू तालुका पेसा क्षेत्रात आहे. राज्य सरकारच्या २०१५ च्या निर्णयानुसार पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के थेट, अबंध निधी म्हणून मिळतात. तो कुठे खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे आहे. सभेत जमा-खर्चाचा कागद फिरतो, तेव्हा तो वाचून प्रश्न विचारणारे किती जण असतात? महिला बचत गटाची वही कोण लिहिते? मोबाइलवरच्या कर्ज-अॅपने सांगितलेला 'महिन्याला फक्त तीन टक्के' हा दर सरळ हिशेबानेच वर्षाला ३६ टक्के होतो, हे घरात कोण सांगते? अशा घरात बीए झालेली मुलगी असेल तर हे काम सहसा तिच्याकडेच येते, मग तिने अकाउंट्स शिकलेले असो वा नसो.

त्यात वाढवण बंदराची भर पडली आहे. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली. मच्छीमार आणि स्थानिक संघटनांचा त्याला विरोध आहे. बंदराच्या बाजूने असा किंवा विरोधात असा, नुकसानभरपाईचा तक्ता, कंत्राटाची अट, मजूर पुरवणाऱ्या एजन्सीचा करार हे कागद या गावांत येतच राहणार. विरोध करायलाही ते वाचता यावे लागतात.

पण ही कलेची गळचेपी नाही का?

हा आक्षेप गंभीर आहे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान हे विषय स्वतःच्या पायावर उभे आहेत. त्यांना 'रोजगारक्षम' करण्याच्या नावाखाली धंद्याच्या दावणीला बांधायचे असेल तर त्याला विरोधच करायला हवा. ओईचे तास वाढले म्हणून मेजरचे कमी झाले, ही प्राध्यापकांची तक्रारही खोटी नाही.

तरीही या दोन गोष्टींत वैर आहेच असे नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकरी नेते विठ्ठलराव विखे पाटील यांच्या जोडीला अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. कारखान्याचे पहिले अध्यक्षपद गाडगीळांनीच सांभाळले. समाजाचा अभ्यास आणि कारखान्याचा ताळेबंद त्यांनी दोन वेगळ्या खोल्यांत ठेवला नाही.

आपल्याच भागातले उदाहरण वारली चित्रकलेचे. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आज ही चित्रे कपांवर, साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात. त्यातले किती पैसे पाड्यावर परत येतात? चित्राचा अर्थ कला शाखेचा विद्यार्थी सांगेल. पण परवाना, रॉयल्टी, करारातली मुदत आणि जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणजे काय, हे व्यवसाय कायद्याच्या तासाला कळते. दोन्ही एकाच माणसाला कळले तर फसवणूक अवघड होते.

मग अडचण कुठे आहे?

नियम चांगला आहे, पण निवड बऱ्याचदा कागदावरच राहते. त्याची तीन कारणे दिसतात.

पहिले, शिक्षक. पालघरच्या सोनोपंत दांडेकर कला, व्ही. एस. आपटे वाणिज्य आणि एम. एच. मेहता विज्ञान महाविद्यालयाच्या नावातच तीन शाखा आहेत. अशा कॉलेजात कॉमर्सचा शिक्षक शेजारच्या वर्गात असतो. पण फक्त कला शाखा असलेल्या छोट्या कॉलेजात तो आणायचा कुठून? मग जो विषय शिकवता येईल तोच सगळ्यांना दिला जातो आणि 'ओपन' इलेक्टिव्ह नावापुरताच ओपन राहतो.

दुसरे, वेळापत्रक आणि गाडी. डहाणूपर्यंत लोकल १६ एप्रिल २०१३ पासून धावू लागली, पण विरारच्या पुढे गाड्या अजूनही मोजक्याच आहेत. ओईचा तास सगळ्या शाखांच्या सोयीने दिवसाच्या एका टोकाला टाकला जातो. वाणगावची मुलगी बोईसर, उमरोळी करत पालघरला पोहोचते. सकाळचा पहिला तास तिला गाठता येत नाही, आणि शेवटच्या तासाला बसली तर परतीची गाडी चुकते. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट बघत बसावे लागते. दोन क्रेडिटसाठी घरचे एवढा उशीर चालवून घेत नाहीत. चौपदरी मार्गाचे काम सुरू आहे, पण या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग नाही.

तिसरे, भाषा. कॉमर्सची बरीच पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला 'डेबिट-क्रेडिट' ऐकून धडकी भरते. प्रत्यक्षात ते त्याच्या आजोबांच्या वहीतले 'नावे' आणि 'जमा' आहे, 'इन्व्हॉइस' म्हणजे बीजक आहे. एवढे पहिल्याच तासाला सांगितले तरी अर्धी भीती जाते.

विषय निवडताना काय पाहावे?

- नावावर जाऊ नका, युनिट वाचा. ज्यात फक्त 'व्याख्या, महत्त्व, वैशिष्ट्ये' आहेत तो विषय टाळा. ज्यात गणिते, नमुने, प्रत्यक्ष कागद आहेत तो घ्या.
- पहिला विषय हिशेबाचा असू द्या. लेखाकर्माची मूलतत्त्वे, आर्थिक साक्षरता किंवा कॉस्टिंग. मार्केटिंग, उद्योजकता हे त्यानंतर. आकडा न वाचता आलेला उद्योजक लवकर अडचणीत येतो.
- दुसरा विषय मेजरला जोडून घ्या. भूगोल असेल तर वाहतूक व पुरवठा साखळी, मराठी असेल तर जाहिरात, मानसशास्त्र असेल तर मनुष्यबळ व्यवस्थापन, राज्यशास्त्र असेल तर व्यवसाय कायदा.
- तास कधी आहे आणि कोण शिकवणार, हे टिक करण्याआधी विचारा. प्रवेशानंतर विषय बदलणे त्रासाचे असते.
- कॉलेजात हवा तो विषय नसेल तर 'स्वयम्' पोर्टल पाहा. शिकणे मोफत आहे, परीक्षेला फी लागते. यूजीसीच्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतात, पण कॉलेजची मान्यता आधी घ्या. परीक्षा केंद्र कुठे येते, तेही आधीच बघा.
- अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते डिजिलॉकरमधून काढून ठेवा. तिथे जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. मध्येच शिक्षण थांबले तरी ते फुकट जात नाहीत.

कॉलेजांनी आणि विद्यापीठाने काय करावे?

तीन गोष्टी फारसा खर्च न करता होऊ शकतात.

एक, शेजारच्या कॉलेजांनी शिक्षक वाटून घ्यावेत. बोईसरच्या कॉमर्सच्या शिक्षकाने आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कॉलेजात जोडून दोन तास घेतले, तर पंधरा आठवड्यांत दोन क्रेडिट पूर्ण होतात.

दोन, ओईचे तास दिवसाच्या मध्यावर ठेवावेत. शाखांची सोय पाहताना गाडीचे वेळापत्रकही टेबलावर असावे.

तीन, उदाहरणे इथली घ्यावीत. तारापूर एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराची पगार पावती, त्यातली पीएफ-ईएसआयची कपात. घोलवडच्या चिकूचे मानांकन. बोटीचे डिझेल आणि सुक्या मासळीचा भाव. मिरचीची पट्टी. या जिल्ह्यात व्यवसाय-शिक्षणासाठी परदेशी कंपन्यांच्या गोष्टी आणायची गरज नाही.

तोवर या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांनी आपल्यापुरते एक करावे. ओईच्या रकान्यावर टिक करण्याआधी घरात एक कागद शोधावा. पट्टी, पगार पावती, बचत गटाचे पासबुक, कर्जाचा करार, काहीही. तो पूर्ण वाचावा. जी ओळ समजत नाही तिच्याखाली रेघ मारावी. ती ओळ ज्या विषयात शिकवली जाते, तो विषय निवडावा.